दोन्हीकडून सारखं

भारत आणि मोरोक्को या दोन देशांच्या सांस्कृतिक संबंधांचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा पुलगावातल्या एका घराच्या ओट्याला त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. प्रकरण लहान असेल. मोरोक्कोच्या बाजूनं त्यात एकच बाई येते, तीही आठ दिवसांपुरती. भारताच्या बाजूचं सगळं कामकाज माझ्या बायकोच्या मामांनी पाहिलं. मामा आयुष्यात पश्चिमेकडे भुसावळच्या पुढे गेले नाहीत, आणि भुसावळलाही ते वर्ध्याहून पुलगावला येताना गाडीत झोप लागल्यामुळे पोचले होते. पण मोरोक्कोबद्दल बोलताना ते 'आमच्याकडे' असा शब्द वापरत.

मामा लष्कराच्या डेपोत होते. पुलगावात एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यानं विचारलंच, तर मामा आवाज खाली आणून म्हणत, "ते सांगता येत नाई." त्यामुळे देशाच्या सीमा सुरक्षित राहण्यात मामांचा नेमका वाटा किती, याबद्दल नातेवाइकांत तीस वर्षं आदरयुक्त कुतूहल होतं. मामांचं काम ताडपत्र्या तपासण्याचं होतं. ताडपत्र्या, कॅनव्हासच्या पिशव्या आणि पट्टे. आलेला नग उलटा करायचा, आतली शिवण पाहायची, दोन बोटांनी टाका ओढायचा आणि एक तर 'पास' म्हणायचं किंवा 'रिजेक्ट'. "सुलटी बाजू तं सारेच पाह्यते," मामा म्हणत. "सुलटीचा पगार नाई भेटत. पगार उलटीचा हाय."

एकतीस वर्षं दिवसभर वस्तू उलट्या केल्यावर माणसाच्या हाताला दुसरं काही सुचत नसावं. लग्नपत्रिका आली की मामा आधी मागची कोरी बाजू पाहत आणि मग लग्न कोणाचं आहे ते. कोणाच्या घरी गेले की बशी उलटी करून बघत, आणि एकदा तर तिच्यात चहा असतानाच बघितली. केळझरच्या गणपतीला आम्ही सगळे मिळून जायचो तेव्हा आमचं दर्शन समोरून व्हायचं. मामा मात्र प्रदक्षिणेत देवळाच्या मागच्या भिंतीपाशी थांबून तिथे हात जोडत. "देवाची पाठ कोनी पाहात नाई, म्हनून मी पाहून घेतो," ते सांगत. "तथी भिंत हाय," मामी म्हणत. "भिंतीले बी पाठ असते," मामा म्हणत, आणि वाद तिथे संपे. माझ्या लग्नाच्या बैठकीत बाकीच्यांनी माझं शिक्षण आणि नोकरी विचारली. मामा उठून माझ्या मागे आले, शर्टाची कॉलर उलटी करून आतली शिवण पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पास." शर्ट माझ्या मोठ्या भावाचा होता. मी ते अजून कोणाला सांगितलेलं नाही.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी, म्हणजे चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या सुमारास, मामा खादीचे पंचे आणायला सेवाग्रामला गेले होते. बसथांब्यावर एक परदेशी बाई उभी होती. तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटला होता आणि ती त्याला गाठ मारायच्या खटपटीत होती. मामांनी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली, उलटी केली, सगळं सामान बाकावर सांडलं, आणि म्हणाले, "रिजेक्ट." मग खिशातून दाभण आणि मेणाचा दोरा काढून त्यांनी पट्टा शिवला, ओढून पाहिला, आणि "पास" म्हणून पिशवी परत केली. डेपोनं त्यांना जे इंग्रजी दिलं होतं त्यातले निम्मे शब्द इथे खर्च झाले. उरलेल्यांत 'रिटर्न टू स्टोअर' होतं, त्याचा उपयोग झाला नाही.

बाई मोरोक्कोची होती. तिकडच्या फेज नावाच्या शहरात ती मुलींना भरतकाम शिकवायची आणि इथे सूतकताई पाहायला आली होती. पट्ट्याचे आभार म्हणून तिनं सामानातला एक रुमाल मामांना दिला. पांढऱ्या सुती कापडावर निळ्या दोऱ्यानं भरलेल्या चांदण्या, पायऱ्या आणि झाडं, सगळी सरळ रेषांत, धागे मोजून काढलेली. मामांनी सवयीनं रुमाल उलटा केला. मग पुन्हा उलटा केला. मग तो उन्हात धरला. त्यांची बस आली आणि गेली. हा प्रसंग मामा मला सांगत तेव्हा त्यांचा आवाज डेपोबद्दल बोलताना येई त्याहूनही खाली येई. "जवाईबापू, एकतीस वर्षांत पह्यल्यांदा मले समजलं नाई का उलटी कोन्ती अन् सुलटी कोन्ती. गाठ नाई. लोंबता दोरा नाई. मांगून बी तेच, पुढून बी तेच. मी त्या बाईले म्हटलं, साइड? ते हासली."

फेजच्या भरतकामाची खुबी तेवढीच आहे, आणि ती काही कमी नाही. दोरा जाताना एक टाका घेतो आणि एक जागा सोडतो. परत येताना सोडलेली जागा भरून काढतो. सुरुवातीला गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांच्या खाली सरकवून दडवायचं. कापडाचा एक धागा मोजायला चुकला तर पुढची सगळी ओळ चुकते, आणि चूक लपवायला मागची बाजूच शिल्लक नसते. मामांना हे समजलं तेव्हा आपल्याच खात्यातला एखादा फार वरचा अधिकारी भेटावा तसं त्यांना झालं. पुढचे आठ दिवस ते रोज सकाळी डबा घेऊन सेवाग्रामला गेले. दोघांची एक भाषा नव्हती. बाई धागे मोजायची आणि मामा तिच्या मागून म्हणायचे. त्यातून तिकडचे आकडे त्यांना आले: वाहिद, जूज, तलाता, अर्बा, खमसा. पाचाच्या पुढे जायच्या आत बाईंची निघायची तारीख आली. त्यामुळे मामा जन्मभर पाचापर्यंत मोरोक्कोत आणि सहापासून पुलगावात मोजत राहिले.

आल्यावर त्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली, मॅटीचं कापड आणि निळ्या दोऱ्याच्या लड्या आणल्या आणि चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून भरायला बसले. साठीतला, पांढऱ्या मिशांचा, डेपोतून निवृत्त झालेला माणूस भर रस्त्यावर भरतकाम करतोय म्हटल्यावर गावानं त्याची नोंद घेतली. येणारे-जाणारे थांबत.

"काय मामाजी, पापड बी लाटता काय आता?"

"तुह्या घरच्यानं बोलावलं तं येईन."

"हे बायायचं काम हाय ना पन!"

"कोन म्हनते? आमच्याकडे मोरोक्कोत हे राजदरबारी काम हाय."

आतून मामी विचारत, "तथी राजा करते काय भरतकाम?" मामा पुढचा टाका मोजायला घेत. तो रुमाल बाईंच्या आईनं केला होता, आईला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि त्या शहरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकाच करत आल्या होत्या, हे मामांना चांगलं ठाऊक होतं. 'ते सांगता येत नाई' या सदरात त्यांनी ते टाकलं होतं.

हळूहळू घराचा परराष्ट्र विभाग वाढत गेला. बैठकीत आफ्रिकेचा नकाशा आला आणि त्यात मोरोक्कोच्या जागी निळ्या दोऱ्याची फुली. पेपरातली कात्रणं ठेवायला एक वही आली. पाच वर्षांत तिच्यात दोन कात्रणं जमली, एक भूकंपाचं आणि एक फुटबॉलचं, तेही हरल्याचं. पाहुण्यांना दुधाऐवजी पुदिना घातलेला चहा मिळू लागला. पहिला घोट घेतल्यावर पाहुणे सहानुभूतीनं विचारत, "कोनाले गॅस झाला काय घरी?" मामा जेवताना "जूज" म्हणत आणि मामी दोन पोळ्या वाढत. मामींनी ही भाषा शिकायला नकार दिला होता, पण पोळ्या बरोबर पडत.

मामी स्वतः गोधड्या शिवत. जुनी लुगडी, धोतरं, परकर थरावर थर घालून जमिनीवर पसरायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. एका गोधडीला एक उन्हाळा लागे. त्या कामाबद्दल त्यांनी कधी कोणाला काही सांगितलं नाही, नकाशा लावला नाही आणि चहा बदलला नाही. एकदा मामा मला दोन्ही बाजूंच्या समानतेचं तत्त्व समजावून सांगत असताना मामी दोऱ्याला मेण लावता लावता म्हणाल्या, "माही गोधडी बी दोन्हीकून सारखीच हाय." मामांनी गोधडीचं टोक उचललं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "गाठी हायेत."

"राह्यनच ना! गाठ मारल्याबिगर टाका राह्यते काय? उद्या पोरं ओढाताण करन तं?"

"आमच्याकडे गाठ चालत नाई."

"तुमच्याकडे थंडी नसन पडत," मामी म्हणाल्या.

मामांनी एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण तपासणीचा हात स्वस्थ बसेना, आणि आमच्याकडच्या लग्नांत त्या हाताला योग्य असं कुरण असतं, ते म्हणजे रुखवत. नवरीनं स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू मांडवात टेबलावर मांडायच्या, म्हणजे सासरच्यांना तिचं कसब दिसतं, अशी त्यामागची कल्पना. काचेच्या नळ्यांचा मोर, लोकरीची बदकं, शिंपल्यांचा गणपती, भरलेले टेबलक्लॉथ. त्यातलं किती नवरीनं केलं, किती तिच्या मावशीनं आणि किती दुकानातून आलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी विचारत नाही. सगळा समाज अशाच न विचारण्यावर उभा आहे. मामा आंजी गावातल्या एका लग्नात टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं शिरले आणि एकेक कापड उलटं करत निघाले. नवरी मामींच्या चुलतभावाची मुलगी. म्हणजे मामा तसे घरचेच.

"भाऊजी, हे काय करून राह्यले?" नवरीच्या आईनं, म्हणजे आंजीच्या वहिनींनी, हसत हसत विचारलं. तेव्हा त्या अजून हसत होत्या.

"तपासून राह्यलो," मामा म्हणाले, आणि राघू-मैनेचा मोठा टेबलक्लॉथ त्यांनी उलटा केला. मागे नागपूरच्या दुकानाची चिठ्ठी टाचलेली होती. शेजारी मुलाकडची माणसं उभी होती. मामांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. वाईट हेतू नव्हता; डेपोत लेबल मोठ्यानं वाचायचा नियम होता.

लग्न लागलं, जेवणं झाली, मुलगी सासरी गेली आणि सुखातही राहिली. पण निघताना आंजीच्या वहिनींनी मामांना पान देता देता सांगितलं, "तुमच्या घरी बी पोरगी हाय, भाऊजी. तिच्या लग्नात येईन मी. अन् तुमचं रुखवत उलटं करून पाहीन. साऱ्यायच्या समोर."

"पाहाजो," मामा म्हणाले. "दोन्हीकून सारखंच दिसन."

ही गोष्ट आंजीहून पुलगावला मामांच्या आधी पोचली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आमच्या नात्यातल्या रुखवतांमध्ये काचेच्या फ्रेमा एकाएकी वाढल्या. मामा येणार असं कळलं की भरलेलं कापड काचेत जाई, आणि पाठीमागे खिळे ठोकून हार्डबोर्ड. मामा अशा फ्रेमेपुढे उभे राहून मान हलवत. "फ्रेम म्हंजे मांगचं पाप झाकाची सोय," ते म्हणत. स्वतःच्या घरातल्या आजोबांच्या फोटोची फ्रेमसुद्धा त्यांनी काढून टाकली होती, आणि आजोबा भिंतीवर चार टाचण्यांवर राहिले होते.

मामांची एकुलती मुलगी शुभा तेव्हा कॉलेजात होती. आंजीहून आल्यावर मामांनी तिच्यासाठी टेबलक्लॉथ करायला घेतला. आठ माणसांच्या टेबलाचा. घरात टेबल नव्हतं, पुढे शुभाच्या सासरीही निघालं नाही, पण मामांच्या मनात ते होतं. चारी कडांना झाडांची रांग, कोपऱ्यांत मोठ्या चांदण्या, मधे पायऱ्यांची नक्षी, सगळं निळं. पाच वर्षं ते काम चाललं. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते ऊन उतरेपर्यंत ओट्यावरून "वाहिद, जूज, तलाता, अर्बा, खमसा, सहा, सात" असा आवाज येई. चूक झाली की मामा दोन-दोन दिवसांचं काम उसवत. समोरचा किराणावाला पुड्या बांधताना त्यांच्या तालावर मोजू लागला आणि त्याचं मोजणं पाचावर अडखळू लागलं. शुभाला ह्या कापडाची मनातून धास्ती होती. "बाबा, मी दोन बदकं करते ना लोकरीची," ती म्हणे, "लोकं काही म्हणणार नाहीत." पण लोक काय म्हणणार हे एव्हाना ठरलेलं होतं. आंजीच्या वहिनींचा निरोप दर दिवाळीला कोणाच्या ना कोणाच्या हाती येई: झालं का भाऊजींचं, आम्ही पाहायला येऊन राह्यलो.

तीन कोपरे झाले आणि मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी तो आधी कापडाच्या दर्जावर ढकलला, मग दोऱ्याच्या, मग उन्हाच्या. शेवटी मोजलेली ओळ तीनदा चुकली तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली. त्याच महिन्यात शुभाचं हिंगणघाटला जमलं आणि मुलाकडच्यांनी जवळची तारीख धरली. डॉक्टर म्हणाले, लग्नात मुलगी दिसायला हवी असेल तर ऑपरेशन आत्ता करा. ते झालं. एका डोळ्यावर पट्टी, महिनाभर मान खाली घालायची नाही, सुईला हात लावायचा नाही. चौथ्या कोपऱ्यातली वीतभर चांदणी राहिली होती.

"राहू द्या तशीच," मामा पुढच्या खोलीत आढ्याकडे पाहत म्हणाले. "अर्धी दिसली तं दिसली. खोटी नाई दिसली पाह्यजे. वहिनीले म्हना, पाहा उलटून."

आता पुढचं जे आहे ते मामींनी माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला. त्या महिन्यात रोज दुपारी मामा पुढे रेडिओ लावून पडले की मामी मागच्या पडवीत ते कापड घेऊन बसत. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण पाच वर्षं ओट्यावरचे आकडे ऐकून कान तयार झाला होता आणि हात गोधडीनं तयार केलाच होता. तयार झालेल्या कोपऱ्यावरून पाहून, ओठातल्या ओठात वाहिद, जूज करत, त्यांनी ती चांदणी पुरी केली. टाका सरळ आला, मोजणी बरोबर आली. फक्त दोरा संपला की त्या मागून गाठ मारत होत्या. मुलीच्या लग्नातलं कापड, सुटलं तर? गाठ मारू नये हे त्यांनी पाच वर्षं रोज ऐकलं होतं. पण गाठीशिवायचा टाका त्यांच्या हातून होईना.

पट्टी निघाल्यावर मामांनी कापड मागवलं. मी तिथे होतो. त्यांनी ते मांडीवर पसरलं, चौथ्या कोपऱ्याशी आले आणि थांबले.

"हे झालं वाटते," ते म्हणाले.

मामी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमीच तं केलं. पट्टीच्या आधी. आठोत नाई काऊन?"

मामांनी चांदणी पाहिली. मग कापड उलटं केलं आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. अगदी सावकाश. मला वाटलं, आता 'रिजेक्ट' येतं.

"हो," मामा म्हणाले. "म्याच केलं असन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटर काढायला सांगितली. कापड पेपरात गुंडाळलेलं होतं. मी समजलो, इस्त्री. मामा स्टेशनरोडवरच्या फोटोफ्रेमच्या दुकानापाशी उतरले. एवढी मोठी फ्रेम त्या दुकानदारानं कधी केली नव्हती; तो म्हणाला, "मामाजी, दोन्हीकून काच लावू काय? तुमचं तं दोन्हीकून सारखं असते म्हन्ते."

"नाई. मांगून हार्डबोर्ड लाव. जाड. अन् खिळे जवळ जवळ मार."

मी काही म्हणायच्या आत मामांनी कापड शेवटचं उलटं केलं आणि कोपऱ्यावर नख ठेवून मोजलं, "वाहिद, जूज, तलाता, अर्बा, खमसा, सहा, सात." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मजबूत हायेत, जवाईबापू." आणि थोड्या वेळानं, रस्त्याकडे पाहत, "धूळ लई असते. काचेत बरं राह्यते." मी हो म्हणालो. पाच वर्षांत मोरोक्कोच्या कामाला धुळीची बाधा झालेली मी ऐकली नव्हती.

लग्नात टेबलाच्या मधोमध ती फ्रेम उभी होती, दाराएवढी. पाच वर्षं वाट पाहिलेले सगळे तिथे होते. आंजीच्या वहिनी नवी साडी नेसून, मुलीला आणि जावयाला बरोबर घेऊन आल्या. त्यांनी आधी समोरून पाहिलं आणि खरं सांगायचं तर एकेक चांदणी जवळ जाऊन पाहिली. मग टेबलाच्या पलीकडे गेल्या, वाकल्या, आणि त्यांचा आवाज सगळ्या मांडवात गेला.

"अगं माय! भाऊजी! मांगून तं पुठ्ठा हाय!"

मांडव हसला. त्या हसण्यात सात-आठ घरांची रुखवतं होती. कोणी म्हणालं, "पाप झाकाची सोय!" कोणी म्हणालं, "रिटर्न टू स्टोअर!" मामा फेटा बांधून मुलीच्या बापाच्या जागी उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मांगची बाजू पुढच्यासारखीच हाय, वहिनी. तुमी पुढची पाहा ना."

"मंग झाकली काऊन?"

"ते सांगता येत नाई," मामा म्हणाले.

त्यानंतर मामांनी कोणाचंही रुखवत उलटं केलं नाही. त्यांना आता तो हक्क राहिला नाही, असं लोक म्हणत. मामी तर कितीतरी वर्षं कुरकुरत होत्या. "एवढं दोन्हीकून सारखं केलेलं," त्या माझ्या बायकोला म्हणत, "अन् यायनं काचेत कोंबलं. पूर्ण कराले जीव गेला कोनाचा तरी!" कोणाचा ते सांगत नसत. मामा ओट्यावरून ऐकत आणि सुईत दोरा ओवत. दोघांच्या मधे हार्डबोर्डची एक पाटी होती. ती कोणी कोणासाठी लावली हे मला दोन्हीकडून ठाऊक होतं, आणि मी ते कोणालाच सांगितलं नाही. एका शर्टाच्या बाबतीत माझाही सराव होता.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांनी पुढे फक्त लहान रुमाल केले, आणि त्यातल्या शेवटच्या दोन-तीन रुमालांना मागून एकेक गाठ आहे. नजर गेली होती म्हणून, असं शुभा म्हणते. असेल. आफ्रिकेचा नकाशा अजून बैठकीत आहे. मामी एकट्या असतात. परवा आम्ही गेलो तेव्हा स्वयंपाकघरात कुकर लागला होता, आणि शिट्ट्या मोजताना त्यांचा आवाज आला, "वाहिद... जूज... तलाता." मग त्यांनी गॅस बंद केला.

तो टेबलक्लॉथ हिंगणघाटला शुभाच्या घरी आहे. एवढी मोठी फ्रेम लावायला घरात एकच भिंत होती, आणि त्या भिंतीवर विजेचा मेन स्विच होता, त्यामुळे तोही झाकला गेला. गेल्या काही उन्हाळ्यांत भारनियमन फार होतं. वीज आली की फ्यूज उडतो, आणि मग शुभाचा नवरा आणि शेजारी मिळून ती फ्रेम उतरवतात आणि पलंगावर उलटी ठेवतात. एकदा मीही हात लावला. हार्डबोर्डच्या चौथ्या कोपऱ्यात, नेमक्या त्या चांदणीच्या मागे, पेन्सिलीनं मामांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'तपासले. ठीक.' खाली सही आहे. सहीच्या खाली शुभाच्या नवऱ्यानं फ्यूजला कितीची तार लागते ते लिहून ठेवलं आहे.